भिंतीपलीकडची माती

आठवीच्या उर्दूच्या तासाला ‘सदाबहार’ हा शब्द आला की मी मुलांना त्याचा मराठी प्रतिशब्द विचारते. मधल्या सुट्टीनंतर त्याच वर्गावर मराठीचा तासही माझाच असतो, त्यामुळे हा खेळ आम्हाला परवडतो. कुणी ‘सदाफुली’ सांगतं, कुणी ‘बारमाही’. वनस्पतिशास्त्राच्या मराठीत ‘बहुवर्षायू’ असा भारदस्त शब्द आहे. तो मी फळ्यावर लिहिते आणि मुलं हसतात. आमच्या गावातल्या नर्सरीवाल्याकडे मात्र या सगळ्यांसाठी एकच शब्द आहे. “मॅडम, सीझनल देऊ का पर्मनंट?”

पर्मनंट म्हणून आणलेली किती झाडं मी आमच्या अंगणात मारली, याचा हिशेब एकदा वहीत लिहायला बसले होते. तिसाच्या पुढे गेल्यावर वही मिटली. त्यातलं एकही झाड वाईट नव्हतं. पाणी मी वेळेवर घालत होते, शेणखतही देत होते. चूक फक्त एवढीच होती, की आवडलेलं झाड आधी विकत घ्यायचे आणि मग त्याला जागा शोधायचे. ही सवय मला अम्मीकडून आली आणि सुटली तीही अम्मीमुळेच, पण ती गेल्यानंतर.

अम्मी दापोलीकडची. तिच्या माहेरी जांभ्याची तांबडी माती आणि वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. लग्न होऊन ती आली सोलापूर जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावात. इथे वर्षाचे सहाशे मिलिमीटरसुद्धा भरवशाचे नाहीत आणि माती काळी. ओली झाली की चपलेला चिकटून दोन किलोची होते, आणि मार्च-एप्रिलमध्ये भेगाळते तेव्हा भेगेत अख्खा हात जातो. दोन मातींमधला हा फरक अम्मीला माहीत होता, पण मान्य नव्हता. माहेराहून येताना ती एसटीच्या टपावर काही ना काही रोप घेऊनच यायची. अबोली, सोनचाफा, एकदा तर सुरंगीसुद्धा. आणि दर दोन-तीन वर्षांनी अनंत.

अनंताचं फूल ज्यांनी हुंगलंय त्यांना अम्मीचा हट्ट समजेल. पांढरंशुभ्र, जाड पाकळ्यांचं, संध्याकाळी सगळं अंगण भरून टाकणारं. पण आमच्याकडे आलेला अनंत पहिल्या हिवाळ्यातच पिवळा पडायचा. कोवळी पानं आधी पिवळी व्हायची, शिरा तेवढ्या हिरव्या राहायच्या. मग कळ्या गळायच्या. तिसऱ्या वर्षी काड्या उरायच्या. कुणीतरी सांगितलं लोह कमी पडतं, म्हणून अम्मी बुंध्याशी गंजके खिळे पुरायची. मी बीएडला असताना एका मैत्रिणीच्या भावाने, तो कृषी पदवीधर होता, मला नीट समजावलं. आमच्या मातीत लोह आहेच. पण चुनखडी इतकी आहे की ते लोह मुळांना घेता येत नाही. वर बोअरचं पाणीही क्षारांचं. अनंताला लागते आम्लधर्मी माती. म्हणजे खिळ्यांचं पोतं पुरलं असतं तरी पानं पिवळीच राहिली असती.

हे मी अम्मीला सांगितलं तेव्हा तिने वाद घातला नाही. पुढच्या खेपेला माहेराहून रोप आणलं नाही, सिमेंटच्या दोन पिशव्या भरून तांबडी माती आणली. प्लास्टिकचं पिंप अर्धं कापून, बुडाला भोकं पाडून, त्यात माती, नारळाच्या शेंड्या आणि कुजलेला पाला घातला. पावसाळ्यात गच्चीवरच्या पन्हाळीखाली तीन ड्रम मांडले. ते पाणी झाकून ठेवायचं आणि ते फक्त अनंतालाच. घरात टँकर यायचा त्या दिवसांतसुद्धा. त्या पिंपात अनंत नऊ वर्षं जगला.

त्या नऊ वर्षांत मला वाटायचं, बघा, मनापासून केलं की काहीही येतं. आता वाटतं, त्या पिंपात आम्ही दापोलीचा एक तुकडा उचलून आणला होता, आणि अम्मी त्याची पाऊस होती.

तिची दुसरी चूक मृगाची. कोकणात मृग लागला की लावणी. “अगो, मृग निघाला, आता नाय लावायचं तर कधी?” असं म्हणून ती 7 जूनच्या आसपास सगळी रोपं जमिनीत घालायची. आमच्याकडे जूनमध्ये दोन पाऊस होतात, रोप टवटवीत होतं आणि मग जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ नुसतं येतं नि जातं. नुकतं मूळ सोडलेलं रोप तेव्हाच दगा देतं. सोलापूरकडचा खरा पाऊस सप्टेंबरचा, उत्तरा आणि हस्ताचा. बारमाही झाड ऑगस्टच्या शेवटी लावलं तर त्याला हा पाऊस मिळतो, पुढे चार महिने थंडी मिळते आणि उन्हाळा येईपर्यंत मुळं खोल जातात. हे मला आमच्या शेजारच्या शेतकरी काकांनी सांगितलं. वीस वर्षं ते भिंतीपलीकडून अम्मीची जूनची लावणी बघत होते. मी विचारलं, आधी का नाही सांगितलंत? म्हणाले, “तुमच्या आईला कोण सांगणार?”

अंगणात कडुनिंब आहे, अब्बांनी लावलेला. त्याच्या खालची जागा कुठल्याही पुस्तकातल्या ‘सावलीच्या जागेत’ बसत नाही. सावली आहे, पण ओलावा नाही. निंबाची मुळं वरचं पाणी आपल्याआधी पिऊन टाकतात. नर्सरीवाला सावली म्हटलं की फर्न देतो. फर्नला सावली हवी असते ती ओढ्याकाठची. मी तीन फर्न वाळवले. मग निंबाखाली असं काहीतरी शोधलं, ज्याचं पाण्याचं गाठोडं जमिनीखाली स्वतःजवळच असतं. शतावरी लावली, तिच्या मुळांना बोटांसारखे गड्डे असतात. पानओवा लावला, त्याची पानंच मांसल. कडेला, सकाळचं ऊन पोचतं तिथे कोरांटी, जी पावसाळा संपता संपता फुलायला लागते आणि थंडीत अंगण सांभाळते. आणि गुलबास.

गुलबासाबद्दल थोडं थांबते, कारण ते माझं आवडतं झाड आणि आवडता शब्दही. उर्दूत ते गुल-ए-अब्बास. मराठीत येता येता त्याचं गुलबास झालं, कुठे गुलबाक्षी, गुलबक्षी. निशिगंधाला आपण गुलछडी म्हणतो, तोही गुलचाच गोतावळा. आमच्या फुलांची निम्मी नावं अशी फारसीतून चालत आली आहेत. गंमत म्हणजे गुलबास आणि निशिगंध ही दोन्ही झाडं मुळात अमेरिका खंडातली. नाव एकीकडचं, झाड दुसरीकडचं, आणि मुक्काम आमच्या निंबाखाली. गुलबास दुपारभर मिटलेला असतो आणि अस्रच्या सुमारास उघडतो. अम्मीला शेवटच्या वर्षांत घड्याळाचे काटे नीट दिसत नव्हते. ती गुलबासाकडे बघून वुजूला उठायची. मे महिन्यात हे झाड वरून पूर्ण वाळून जातं आणि मेलं असं वाटतं. जमिनीत त्याचा गड्डा असतो, पहिल्या पावसात परत फुटतो. मात्र बी इतकं सांडतं की दरवर्षी अर्धी रोपं उपटावी लागतात. ते केलं नाही तर पानओवा दिसेनासा होतो.

मोगरा मी निंबापासून लांब, दक्षिणेच्या भिंतीशी नेला. त्याला काळी माती चालते, फक्त पाणी साचायला नको, म्हणून मुरूम आणि वाळू घालून वाफा वीतभर उंच केला. डिसेंबरच्या अखेरीस पाणी तोडायचं, छाटायचं, पानं ओरबाडायची, फेब्रुवारीत पुन्हा पाणी. मार्चपासून फुलं. पण त्याच वाफ्यात मी हौसेने कोरफड लावली होती. मोगऱ्याचं उन्हाळी पाणी पिऊन ती बुडातून सडली. तेव्हापासून एक नियम पाळते. एका वाफ्यात एकाच तहानेची झाडं. रंग जुळतात का, उंची जुळते का, हे नंतर बघायचं. तहान जुळत नसेल तर त्यातलं एक झाड मरणार, आणि कोणतं मरणार ते तुमच्या बादलीवर ठरणार.

शाळेत मला याच्या अगदी उलट जागा मिळाली. नळांची लांब रांग, तिथे मुलं हात-पाय धुतात, जोहरला वुजू करतात आणि ते पाणी मागच्या भिंतीशी साचून डबकं व्हायचं. नदीकाठी बसूनही वुजूचं पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आमच्या मुलांना तोंडपाठ असते. पाठांतर पक्कं होतं आणि मागे डबकंही पक्कं होतं. वुजूच्या पाण्यात साबण नसतो, त्यामुळे झाडांना ते चांगलंच. खिचडीच्या भांड्यांचं तेलकट पाणी आधी वेगळं काढलं, कारण तेलाने माती चोंदते. मग मुलांनी हातभर खोल चर खणला, त्यात खडी भरली. पाणी खडीखालून जाईल आणि वर साचणार नाही, म्हणजे डासांची तक्रार बंद. कडेने कर्दळ, मध्ये अळू, टोकाला वेखंड आणि सोनटक्का.

पहिल्या वर्षी सोनटक्का भाजून निघाला. त्याला पाय ओले चालतात, पण आमचं एप्रिलचं ऊन आणि गरम वारा पानांना सोसत नाही. कर्दळीचं उलटं, ती उन्हात वाढते आणि पसरते. तेव्हा दुसऱ्या वर्षी क्रम बदलला. पश्चिमेला कर्दळ आधी वाढू दिली, ती माणसाएवढी झाल्यावर तिच्या सावलीत सोनटक्क्याचे कंद लावले. ऑगस्टमध्ये पहिलं फूल आलं तेव्हा कोकणात जन्मलेल्या आमच्या एका सहकारी बाई वर्ग सोडून बघायला आल्या. वेखंड मात्र वाचला नाही. कर्दळीच्या कंदांनी त्याला दोन वर्षांत गिळून टाकलं. दर जूनमध्ये अर्धी कर्दळ खणून काढायला हवी होती, ती मी काढली नाही. कर्दळ बहरात असताना तिच्यावर कुदळ घालवत नाही.

एवढं शिकून मी स्वतःला जाणकार समजू लागले होते. तेवढ्यात, 2019 च्या फेब्रुवारीत, अम्मीचा इन्तिकाल झाला.

आमच्या गावात बायका कब्रस्तानात जात नाहीत. यावर उलेमांत मतभेद आहेत, काही ठिकाणी बायका जातातही. त्या चर्चेत मला इथे पडायचं नाही. गावची रीत ती आहे आणि मी त्या गावात शिकवते. आमच्या घरातून जनाजा निघाला तेव्हा मी दारात उभी होते, आणि तिथून पुढचं सगळं मला इतरांनी सांगितलेलं आहे. भाऊ पुण्याला परत गेला. उरला माझा मुलगा, तेव्हा अकरा वर्षांचा. तो दर जुमाला नमाज झाल्यावर नानीच्या कबरीवर जाऊन फातिहा पढून यायचा.

चाळिसावं झाल्यावर मी त्याच्याकडे मोगऱ्याची दोन रोपं दिली. अम्मीला मोगरा आवडायचा. आठ दिवसांत ती वाळली. पुन्हा दोन दिली. तीही गेली. तिसऱ्यांदा रोपं काढायला बसले तेव्हा मुलगा म्हणाला, “अम्मी, तिथली माती अशी नाहीये.”

मी त्या जागेबद्दल त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता. शाळेच्या चरासाठी मी खड्डा खणून पाणी भरून घड्याळ लावून बघितलं होतं, आणि माझ्या आईच्या कबरीसाठी डोळे मिटून मोगरा पाठवत होते.

मग मी वहीत प्रश्न काढले, जशी प्रश्नपत्रिका काढतात तशी. सावली कुठल्या बाजूने येते आणि किती वाजता? पावसाचं पाणी कुठे थांबतं? जमिनीला भेगा आहेत का? बकऱ्या येतात का? नळ किती पावलांवर आहे? मुठीत माती दाबली तर लाडू होतो का? पोराने इमानदारीने उत्तरं आणली. सावली नाही. भेगा नाहीत. लाडू होत नाही, सुटतो. बकऱ्या येतात, मागची भिंत पडलीय. नळ दरवाज्याशी आहे, एकशे चाळीस पावलं. तो बाटलीने पाणी नेतो. दोन बाटल्या, आठवड्यातून एकदा.

सोबत प्लास्टिकच्या पिशवीत माती आणली होती. ती पिशवी मी हातात घेऊन बराच वेळ बसले, ते सोडून देते. माती काळी नव्हती. आमचं कब्रस्तान गावाच्या वरच्या अंगाला माळावर आहे, तिथे मुरूम. त्यातून पाणी चाळणीसारखं जातं. सिरक्याचे चार थेंब टाकले तर फसफसली, म्हणजे चुनखडी इथेही होतीच. आणि आणखी एक गोष्ट, जी बागकामाच्या कुठल्याही पुस्तकात मला वाचायला मिळाली नसती. कबर खोदताना खालची माती वर येते आणि वरची खाली जाते. कबरीवर जी माती असते ती चार-पाच फुटांखालची, जिने कधी पाला बघितला नाही, गांडूळ बघितलं नाही. शिवाय पहिल्या पावसाळ्यात ती खचते. अशा मातीत, आठवड्याला दोन बाटल्यांवर, मोगरा? मी मोगरा लावत नव्हते, मी स्वतःची समजूत घालत होते.

कबरीवर हिरवं लावावं का, यावरही आमच्या घरातच दोन मतं आहेत. खजुराची ओली फांदी दोन कबरींवर लावल्याची हदीस सहीह बुखारीत आहे. एक पक्ष तिचा आधार घेतो, दुसरा म्हणतो ती गोष्ट त्या प्रसंगापुरती होती. माझे चुलते दुसऱ्या पक्षाचे. पण सब्जाला तेही कधी नको म्हणाले नाहीत. सब्जा, म्हणजेच रैहान. तर 2019 च्या सप्टेंबरमध्ये, माती एकदा खचून बसल्यावर, मुलाने फक्त सब्जाचं बी टाकलं. सब्जा काही बहुवर्षायू नाही, उन्हाळ्यात जातो. पुढच्या एप्रिलमध्ये टाळेबंदी होती. शबे-बरातलाही कुणी कब्रस्तानात गेलं नाही, पोराच्या दोन बाटल्याही बंद झाल्या. सब्जा वाळून कोळ झाला. जुलैमध्ये तो पुन्हा गेला तेव्हा पळत घरी आला. कबरीच्या पायथ्याशी हिरवा गालिचा होता. सांडलेलं बी पहिल्या पावसात उगवलं होतं, कुणी काही न करता.

तेव्हा मला नेमकं काय शोधायचंय ते कळलं. अम्मीला काय आवडायचं ते नाही, मला काय शोभिवंत वाटतं तेही नाही. कुणी गेलं नाही तरी राहील असं झाड.

यादी फार लहान निघाली. कण्हेर या मातीत उत्तम येते, पण तिचा प्रत्येक भाग विषारी, आणि तिथे बकऱ्या येतात, पोरं येतात. बोगनवेल काटेरी आणि आडदांड, शेजारच्या कबरींवर जाईल. मेंदी चालली असती, कुंपणाला ती उत्तम. पण ती झुडूप होऊन बसते, आणि ट्रस्टचे एक वडीलधारे चाचा घरी येऊन सांगून गेले होते, “बेटी, बीस साल में इधर दुसरी कबर आती. पक्का कुछ नक्को.” त्यांचं बरोबर होतं. जागा कुणाच्या मालकीची नसते. म्हणजे बारमाही तर हवं, पण उद्या कुदळ पडली तर कुणाला वाईट वाटू नये असं बारमाही.

यादीत पहिलं नाव उरलं सदाफुली.

आता हे कसं सांगू. अम्मीला सदाफुली अजिबात आवडायची नाही. गटाराच्या कडेला येते, वास नाही, कुणी लावत नाही तरी येते, हे तिचे आरोप. अंगणात उगवली की उपटून भिंतीवरून टाकायची. मी म्हणायचे, अम्मी, मादागास्करहून आलेलं झाड आहे, याच्यापासून ब्लड कॅन्सरचं औषध करतात. ती म्हणायची, “मग दवाखान्यात लाव.” आणि आता तिच्या उशाशी मी तेच लावणार होते. पण त्या जागेला जे हवं ते सगळं तिच्यात होतं. निकस मुरूम चालतो, किंबहुना जास्त पाण्यानेच ती सडते. पानं कडू आणि विषारी, त्यामुळे बकरी तोंड लावत नाही. जुनं झाड दोन-तीन वर्षांनी लाकडी होऊन थकतं, तोवर खाली तिचीच रोपं तयार असतात. माझ्या धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, आईच्या मनाविरुद्ध का? मी म्हटलं, मनाविरुद्ध फुललेलं चालेल, मनासारखं वाळलेलं नको.

ते वाक्य म्हणताना बरं वाटलं होतं. रात्री बरं वाटलं नाही. पण ऑगस्टच्या शेवटी सदाफुलीची सहा रोपं गेली. पांढरी, एवढंच तिच्यासाठी करता आलं. सोबत कोरफडीचे दोन गड्डे पायथ्याशी. तहान एकच, उंची वेगळी, आणि मध्ये सब्जाला जागा.

दुसरं नाव पांढऱ्या चाफ्याचं. तो कबरीवर नाही, भिंतीशी. चाचांची परवानगी घेऊन. चाफा निवडताना माझी एक अट होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती. कब्रस्तानाची पुढची भिंत सात फुटी आहे आणि माझ्या शाळेचा रस्ता तिच्या कडेने जातो. मला भिंतीच्या वर येणारं काहीतरी हवं होतं. निंब, करंज लवकर वर आले असते, पण त्यांची मुळं भिंत आणि कबरी दोन्ही हलवतात. चाफा सावकाश वाढतो, पण कुणाला त्रास देत नाही, आणि त्याला पाणी जितकं कमी तितकं बरं. 2021 च्या मेमध्ये मनगटाएवढी जाड, साडेतीन फुटांची फांदी आणली. चीक थांबून काप सुकेपर्यंत दहा दिवस सावलीत आडवी ठेवली. ओली फांदी लावली तर कुजते, हे मी आधी दोन फांद्या घालवून शिकले होते. जूनमध्ये मुलाने ती लावली आणि मी त्याला बजावलं, पाणी घालायचं नाही. तो वैतागला. “अम्मी, मोगऱ्याला पाणी घाल म्हणायचीस, याला नको म्हणतेस, मी तिथे जाऊन करू तरी काय?” फातिहा पढ, म्हटलं.

अनंताचं राहिलं. अम्मी गेल्यावर मी त्याच्याकडे बघत राहिले, पण पावसाचे ड्रम भरायचं एका वर्षी राहून गेलं. शाळा, घर, पेपर. मार्चमध्ये बोअरचं पाणी दिलं आणि पानं पिवळी पडायला लागली. ओळखीची पिवळी, शिरा हिरव्या. तो नऊ वर्षं ज्या पावसावर जगला होता तो पाऊस थांबला होता, आणि मी तो होऊ शकत नव्हते. हे कबूल करायला मला एक पूर्ण उन्हाळा लागला. पुढच्या जूनमध्ये पिंपासकट तो गाडीत घातला आणि दापोलीला खालाच्या परड्यात नेला. मृगावरच लावला, तिथे मृगच बरोबर. खालाने पिंपातली माती हातात घेऊन बघितली आणि म्हणाली, ही तर आमचीच. परवा तिने फोटो पाठवला. झाड तिच्या खांद्याच्या वर गेलंय आणि ती पाणी घालत नाही.

मुलगा बारावी झाला. या जूनमध्ये कॉलेजसाठी पुण्याला गेला, मामाकडे. जायच्या आदल्या जुमाला त्याने मोबाइलवर व्हिडिओ काढून आणला. सदाफुली शेजारच्या तीन कबरींवर गेली आहे. मी धास्तावले, कुणी काही बोललं का? म्हणाला, एका घरच्यांनी उपटली आणि दोन घरच्यांनी राहू दिली. कोरफडीला पिल्लं आलीत, त्यातली दोन कबर खोदणाऱ्या चाचांनी स्वतःच्या घरी नेली. सब्जा अजून उगवायचा आहे. चाफ्याला तीन फांद्या फुटल्यात. सबंध वर्षभर मी पाणी घातलेलं नाही, हे त्याने मला तेव्हा सांगितलं. आधी सांगायची हिंमत झाली नव्हती म्हणे.

चाफ्याचं एक टोक भिंतीवर आलंय. शाळेच्या रिक्षात उजव्या बाजूला बसलं तर दिसतं, वळणाच्या अलीकडे, चार-पाच सेकंद. आमच्यासोबत येणाऱ्या बाईंना उजवीकडचं ऊन लागतं, म्हणून ती जागा सहसा रिकामीच असते.